हा प्रश्न आधी विचारला गेला आहे

१९९३ सालचा सप्टेंबर महिना अजून संपलेला नाही, असं जुने इंटरनेटवाले म्हणतात. तेव्हा वेब जेमतेम रांगत होतं आणि लोक चर्चा करायचे ते यूजनेटवर. यूजनेट १९८० पासून चालू होतं आणि मुख्यतः विद्यापीठांमधून वापरलं जायचं. दर सप्टेंबरात अमेरिकेत नवं शैक्षणिक वर्ष सुरू व्हायचं, पहिल्या वर्षाच्या पोरांना कॉम्प्युटरचं अकाउंट मिळायचं आणि ती यूजनेटवर येऊन तेच ते प्रश्न विचारत सुटायची. जुने लोक महिनाभर वैतागायचे, समजवायचे, खेकसायचे. पोरं एक तर रुळायची नाही तर पळून जायची. मग पुढच्या सप्टेंबरपर्यंत शांतता. १९९३-९४च्या सुमारास अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी आपल्या सामान्य ग्राहकांना यूजनेटचं दार उघडून दिलं आणि नव्या माणसांचा ओघ थांबेनासाच झाला. या काळाला जुन्यांनी नाव दिलं 'इटर्नल सप्टेंबर'. चिरंतन सप्टेंबर.

नाव मजेशीर आहे, पण ते कुणी ठेवलं हे बघण्यासारखं आहे. ते आधीपासून आत बसलेल्यांनी ठेवलं. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ला. म्हणजे भारतातले आपण जवळजवळ सगळेच त्या सप्टेंबरात आत शिरलेलो. कुणाच्या तरी दृष्टीने आपला अख्खा देशच न वाचता प्रश्न विचारणारा पहिल्या वर्षाचा पोरगा आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि गेली काही वर्षं आमच्याकडच्या, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजांतून आलेल्या पोरापोरींच्या एका टेलिग्राम ग्रुपवर आहे. नोकरी लागलेले काही जण तिथे सीनिअर म्हणून असतात. दर जुलै-ऑगस्टात प्रश्नांची लाट येते. 'सर, जावा शिकू का पायथन?' 'दादा, मी मेकॅनिकलचा आहे, चालेल का?' 'गॅप आहे दोन वर्षांचा, घेतात का?' 'डीएसए कुठून करू?' याची उत्तरं कुणीतरी नीट लिहून ग्रुपच्या माथ्यावर पिन केलेली आहेत. ती कुणी वाचत नाही. रात्री अकराला लॅपटॉप मिटताना तोच प्रश्न स्क्रीनवर दिसला की डोक्यात जी एक बारीक सणक जाते, ती मला चांगली माहीत आहे. या लेखात मला त्या सणकेबद्दलच बोलायचंय. ती नेमकी कशाची असते, आणि तिला काही नैतिक आधार आहे का?

पहिलं उत्तर असं सुचतं की पुनरावृत्तीचा कंटाळा. पण ते टिकत नाही. एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत बसलेल्या माणसाला दिवसभर 'सोलापूर कुठे लागते?' हे ऐकावं लागतं. तो कंटाळतो, पण विचारणाऱ्याला आळशी म्हणत नाही. फलाट नंबर सांगतो आणि पुढच्याकडे बघतो. (काही खेकसतात, मान्य. पण तेही आपला राग तत्त्व म्हणून मांडत नाहीत.) आमच्या धंद्यात मात्र राग तत्त्वाचा असतो. 'याने आधी शोधलं नाही' हा तक्रारीचा मुद्दा असतो. म्हणजे सणक प्रश्न परत आल्याची नसून, समोरच्याने आपल्या वाट्याचे कष्ट न करता ते आपल्याकडे सरकवल्याची असते. हा न्यायाचा मुद्दा आहे, आणि तो खोटा नाही.

या न्यायाभोवती आमच्या व्यवसायात अख्खी संस्कृती उभी राहिली. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची यादी, जिला आज प्रत्येक बँकेची वेबसाइट 'एफएक्यू' म्हणते, ती याच वैतागातून आली. १९८०च्या दशकातल्या मेलिंग लिस्टांवर आणि यूजनेटवर ती रूढ झाली. त्याच सुमाराचं 'आरटीएफएम', म्हणजे मॅन्युअल वाच, मध्ये एक शिवी घालून. मग २००१मध्ये एरिक रेमंड यांनी 'हाऊ टू आस्क क्वेश्चन्स द स्मार्ट वे' हा लांबलचक मजकूर लिहिला. आधी शोधा, काय करून पाहिलं ते सांगा, एरर जसाच्या तसा द्या, शीर्षकात 'हेल्प मी' लिहू नका. मला तो मजकूर आवडतो. ज्याला प्रश्न नीट मांडता येतो त्याचं अर्धं उत्तर मांडतानाच सापडतं, हा अनुभव प्रत्येक प्रोग्रॅमरला आहे. पण त्यात गृहीत धरलेला विचारणारा हा आधीच बराचसा आतला माणूस आहे. त्याला इंग्रजी येतं, त्याच्याकडे स्वतःचं मशीन आहे, आणि मुख्य म्हणजे आपल्याला काय अडलंय ते त्याला माहीत आहे.

हे शेवटचं सगळ्यात अवघड. एक उदाहरण देतो. गावातल्या दुकानासाठी बिलाचा छोटा प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी आहे असं धरा. तिची बेरीज चुकते. ०.१ आणि ०.२ मिळवले तर कॉम्प्युटर ०.३०००००००००००००००४ दाखवतो. कारण आम्हा लोकांना पाठ आहे: दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की तिनाच्या पुढे तीन येतच राहतात, तसं द्विमान पद्धतीत ०.१ कधी संपत नाही. मशीन कुठेतरी तोडतं आणि ती तूट शेवटी दिसते. म्हणून पैसे नेहमी पूर्णांकात, रुपयांऐवजी पैशांत मोजावेत. याला 'फ्लोटिंग पॉइंट' म्हणतात आणि यावर हजारो पानं लिहिलेली आहेत. पण ती पानं शोधायला 'फ्लोटिंग पॉइंट' हे दोन शब्द लागतात, आणि ते दोन शब्द हेच तिला हवं असलेलं उत्तर आहे. तिच्याकडे फक्त 'माझं बिल चुकतंय' एवढं आहे. तिला 'सर्च कर' म्हणणं म्हणजे कोशात शब्द बघ म्हणण्यासारखं आहे, शब्दच माहीत नसताना.

दुसरी अडचण आपल्या भाषेतून येते. आपल्याकडे विद्यार्थ्याला शंका असते. वर्गात शिकवून झालं की मास्तर विचारतात, 'काही शंका?' शंका-समाधान हा आपल्याकडे जुना, प्रतिष्ठित प्रकार आहे. ही शंका इंग्रजीत 'डाउट' होते आणि भारतभरची पोरं लिहितात, 'सर, आय हॅव अ डाउट.' अमेरिकन किंवा जर्मन माणूस ते वाचतो तेव्हा त्याला वाटतं की याला माझ्या म्हणण्यावर विश्वास नाही. त्यात 'सर' आणि 'काइंडली डू द नीडफुल'. आपल्या कानाला यातला प्रत्येक शब्द आदराचा आहे. त्याच्या कानाला तो एकाच वेळी लाचार आणि उद्धट. मी मीटिंगांमध्ये हा घोटाळा घडताना बघितलाय आणि मधे पडून 'ही मीन्स अ क्वेश्चन' असं सांगितलंय. ज्याच्या वतीने सांगायला तिथे कुणी नसतं, त्याचं काय होत असेल?

आता दुसऱ्या बाजूकडे येतो, कारण ती माझीही बाजू आहे. २००८मध्ये जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केलं. त्याच्यामागची कल्पना खरोखर मोठी होती: एक प्रश्न एकदाच विचारला जावा, त्याचं चांगलं उत्तर एका जागी असावं, आणि पुढच्या प्रत्येकाने तिथे यावं. प्रश्न परत आला तर त्याला 'डुप्लिकेट' म्हणून बंद करून जुन्याकडे बोट दाखवायचं. नमस्कार-धन्यवाद हा तिथे गोंगाट मानला जातो, कारण ते प्रश्नकर्त्याशी बोलण्याचं ठिकाणच नाही. ते पुढे येणाऱ्या अनोळखी लाखोंसाठी बांधलेलं ग्रंथालय आहे. आणि त्याचा उपयोग बघा. व्हिम नावाच्या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं, इतका बाळबोध प्रश्न तिथे २०१२मध्ये कुणीतरी विचारला. (एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. कुणी आत अडकलं असेल तर.) २०१७मध्ये त्या कंपनीनेच जाहीर केलं की दहा लाख लोकांनी ते पान पाहिलं. ज्या प्रश्नावर कुठल्याही ग्रुपमध्ये हशा पिकला असता, तो दहा लाख जणांना गुपचूप पडला होता.

पण या योजनेत प्रश्नकर्त्याचं स्थान चमत्कारिक होतं. कांट म्हणतो त्याप्रमाणे माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. इथे विचारणारा बऱ्याच अंशी साधन होता, ग्रंथालयात नवं पान भरण्याचं. पान आधीच असेल तर त्याची गरज नव्हती. बिलवाल्या मुलीचा प्रश्न बंद होणार आणि तिला बोट दाखवलं जाणार 'फ्लोटिंग पॉइंट गणित बिघडलंय का?' या पानाकडे. बोट बरोबर दिशेला आहे, फक्त ते पान वाचून माझ्या बिलाचा याच्याशी काय संबंध, असं तिला वाटलं, तर त्या पानाखाली ती तसं विचारू शकत नाही. दुसऱ्याच्या पोस्टवर कमेंट करायला तिथे ५० गुण लागतात आणि नव्या माणसाकडे एक असतो. २०१८मध्ये कंपनीने स्वतःच कबूल केलं की ही जागा नव्यांना, बायकांना, वंचित गटांतल्या लोकांना परकी आणि कडक वाटते. त्यावर जुन्या सभासदांचा एक गट चिडला. मला त्यांचाही राग कळतो. वर्षानुवर्षं फुकट उत्तरं लिहायची आणि वर तुम्ही तुसडे आहात हेही ऐकायचं.

हे फुकट असणं विसरून चालणार नाही. उत्तर देणं हे कुणाचं देणं लागतं का? माझ्या मते नाही. इथेही कांटचीच एक जुनी विभागणी कामाला येते. काही कर्तव्यं काटेकोर असतात, जसं खोटं वचन देऊ नये. काही सैल असतात, जशी दुसऱ्याला मदत करणं. ती कुणाला, कधी, किती करायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. रात्री अकराला मी 'जावा का पायथन'ला उत्तर दिलं नाही तर मी कुणाचाही हक्क मारत नाही. मी बरेचदा देत नाही. गप्प राहतो.

आणि नेमकं इथेच मला वैतागलेल्या मंडळींबद्दल शंका (डाउट नव्हे, शंकाच) येते. गप्प राहणं फुकट आहे. ज्याला वेळ नाही त्याने पुढे सरकावं. पण जो थांबून चार ओळींची खरडपट्टी लिहितो, 'आजकालच्या पोरांना सगळं आयतं हवं' वगैरे, त्याच्याकडे वेळ होता. चार ओळींत उत्तर बसलं असतं. म्हणजे वेळेची चोरी हा मुद्दा बाजूला पडतो आणि दुसरं काहीतरी उरतं. 'मी रात्र-रात्र जागून, मॅन्युअल वाचून शिकलो, तुलाही तेच करावं लागेल.' हे तर्कशास्त्र कुठलं आहे ते होस्टेलात राहिलेल्या कुणालाही ओळखता येईल. आम्ही सोसलं, आता तुम्ही सोसा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९मध्ये आला. या मानसिकतेविरुद्ध मात्र कायदा करता येत नाही, कारण ती स्वतःला शिस्त म्हणवते.

तरी एक गोष्ट या खेकसणाऱ्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. ते जेव्हा गप्प होतात, तेव्हा बहुतेकदा सुधारलेले नसतात. निघून गेलेले असतात. आमच्या ग्रुपवर डेटाबेसचं सखोल ज्ञान असलेला एक जण होता. तो कुणावर कधी ओरडला नाही. एके दिवशी 'अमुक लेफ्ट द ग्रुप' एवढी ओळ आली. त्याच्यानंतर इंडेक्सवरच्या अवघड प्रश्नांना कुणी हात लावेना. ज्या जागेत फक्त नवेच उरतात तिथे नव्यांनाही काही मिळत नाही. खेकसणारा कितीही अप्रिय असला तरी तो निदान दारात उभा आहे. निघून गेलेल्याची तक्रार ऐकायला कुणी नसतं.

मला यातून त्यातल्या त्यात जमणारी वाट दिसते ती नवी नाही. जुन्या गावठी शाळांत सगळी पोरं पंतोजी एकटे शिकवत नसत. मोठी पोरं लहानांना धुळपाटीवर अक्षरं गिरवायला लावत. मद्रासला अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने वाळूत अक्षरं काढणारी मुलं पाहिली, आपल्या शाळेत मुलांकडून मुलांना शिकवायचा प्रयोग केला आणि १७९७मध्ये त्यावर इंग्लंडात पुस्तक काढलं. तिकडे ती मोठी पद्धत झाली. त्यात स्वस्ताई होती, वसाहतीचा व्यवहार होता, सगळं होतं. पण एक शहाणपणही होतं. 'ग' कसा काढायचा हे ज्याला कालच जमलंय, त्याला तो न जमणं म्हणजे काय ते अजून आठवत असतं. पंतोजी ते केव्हाच विसरलेले असतात. आमच्या ग्रुपवर मी पाहिलंय, 'डीएसए कुठून करू'चं सगळ्यात उपयोगी उत्तर मागच्याच वर्षी नोकरी लागलेली मुलगी देते. दहा वर्षं झालेला आर्किटेक्ट देतो ते उत्तर बरोबर असतं, पण ते दुसऱ्याच माणसासाठी असतं.

पुनरावृत्तीबद्दल विचार करताना मला अर्जुन आठवतो. गीतेत तो एकच प्रश्न निदान तीनदा विचारतो. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला, ज्ञान श्रेष्ठ तर मला कर्मात का ढकलतोस. पाचव्याच्या सुरुवातीला, संन्यास की कर्मयोग ते एकदा नक्की सांग. आणि अठराव्यात परत संन्यास आणि त्यागाबद्दल. आमच्याकडे दुसरा आणि तिसरा डुप्लिकेट म्हणून बंद झाला असता. पण त्याहून भारी गोष्ट महाभारतात पुढे, अश्वमेध पर्वात आहे. युद्ध संपलंय, कृष्ण द्वारकेला निघायच्या बेतात आहे, आणि अर्जुन म्हणतो की तू रणांगणावर जे सांगितलंस ते मी विसरलो, परत सांग. अख्खी गीता! कृष्ण वैतागतो. तुझं लक्ष नव्हतं, तुझी बुद्धी कमी पडली, हे मला आवडलेलं नाही, असं स्पष्ट सुनावतो. आणि म्हणतो की ते तसंच्या तसं आता मलाही सांगता येणार नाही. मग एक वेगळी जुनी कथा सांगायला लागतो. तीच अनुगीता. ती गीतेइतकी कुणी वाचत नाही. पण साक्षात कृष्णाला ही सणक गेली होती, हे वाचल्यावर मला बरं वाटलं. आणि तो चिडला, पण निघून गेला नाही, हेही.

नोव्हेंबर २०२२नंतर हा सगळा प्रश्नच वेगळा झाला. चॅटजीपीटी आलं. ते कंटाळत नाही, 'डाउट' म्हटलं तरी त्याला कळतं, मराठीतही विचारता येतं, आणि 'हे आधी विचारलंय' असं ते कधी म्हणत नाही. बिलवाल्या मुलीला 'फ्लोटिंग पॉइंट' हा शब्द ते एका सेकंदात देतं. ही साधी गोष्ट नाही. दारात अपमान होईल या भीतीने ज्यांनी कधी विचारलंच नाही, अशांसाठी हे दार उघडलं. स्टॅक ओव्हरफ्लोवर येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या तेव्हापासून झपाट्याने घसरत गेली. मे २०२४मध्ये त्या कंपनीने ओपनएआयशी करार केला तेव्हा काही जुन्या सभासदांनी निषेध म्हणून आपली उत्तरं पुसायला घेतली, आणि त्यांची खाती काही काळासाठी गोठवण्यात आली. यंत्राची ही अखंड सबुरी कुठून आली, तर वैतागत, खेकसत, तरीही उत्तरं लिहीत बसलेल्या या माणसांच्या मजकुरातूनही. आणि आता नवा प्रश्न बंद खिडकीत विचारला जातो आणि तिथेच संपतो. पुढच्या दहा लाखांसाठी त्याचं पान होत नाही.

आमच्या ग्रुपवरही याचा परिणाम दिसतो. तांत्रिक प्रश्न आटले. एरर आला, कोड चालत नाही, असे प्रश्न जवळजवळ बंद. मला वाटलं होतं की मग ग्रुपच शांत होईल. झाला नाही. 'जावा का पायथन' येतच राहिला. ज्याचं उत्तर यंत्र सगळ्यात सहज देऊ शकतं, नेमका तोच. यावर मी बराच विचार केला, आणि मग जुने मेसेज उलटे वाचत गेलो. 'जावा का पायथन' विचारणारे पुढच्या दोन-तीन मेसेजांत काय म्हणतात ते बघत. वडिलांनी कर्ज काढलंय. कॉलेजात कंपन्या आल्याच नाहीत. ऑफर लेटर येऊन आठ महिने झाले, जॉइनिंगची तारीख नाही, घरी काय सांगू. मेकॅनिकलच्या मुलाचं 'चालेल का' हे भाषेबद्दल नव्हतंच. उशीर झालाय का, मला आत घेतील का, हे विचारायला त्याच्याकडे जो एक प्रतिष्ठित प्रश्न होता तो त्याने वापरला. पिन केलेल्या मेसेजमध्ये याचं उत्तर नव्हतं, त्यामुळे तो वाचला काय आणि न वाचला काय.

मागच्या महिन्यात एका मुलीने लिहिलं, 'चॅटजीपीटी म्हणतो दोन्ही छान आहेत, तुझ्या आवडीवर आहे. दादा, तुम्ही लोक काय म्हणता?' पाच-सहा जण टाइप करत असल्याचं वर दिसायला लागलं. त्यात आमच्यातला सगळ्यात तुसडा माणूसही होता, ज्याचं 'पिन वाचा' हे उत्तर प्रसिद्ध आहे. त्याने आधी 'पिन वाचा' असंच लिहिलं. मग दोन मिनिटांनी खाली विचारलं, 'कुठल्या गावची? आणि फायनल इयर आहे का झालंय?'